मोहोळाखालचा मजूर

गेल्या वैशाखांतली गोष्ट. आमच्या घरासमोरील पांच मजली इमारतीला रंग देण्याचें काम चाललें होतें. पूर्वींसारखी बांबूंची परांची आतां प्रत्येक वेळीं बांधीत नाहींत. गच्चीवरून दोर सोडावयाचा, त्याच्या टोंकाला फळी बांधावयाची, आणि त्या झुल्यावर बसून माणसानें भिंत रंगवीत रंगवीत खालीं यावयाचें, अशी रीत पडली आहे. ह्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील सज्जाखालीं आग्या माश्यांचें एक मोहोळ होतें. परातीएवढें, काळसर, दुरून पाहणाराला ओल्या घोंगडीचा तुकडा लोंबत असावा असें वाटणारें. इमारतींत राहणाऱ्या सर्वांना तें ठाऊक होतें. मुकादमालाहि ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें झुल्यावर बसलेल्या माणसाला. कारण तो परगांवाहून आदल्या दिवशींच आला होता.

सकाळीं दहाच्या सुमारास त्याचा दोर सज्जाच्या कडेला घांसला आणि मोहोळ उठलें. पुढच्या पांच मिनिटांचें वर्णन करण्याची इच्छा नाहीं. त्याला वर जातां येईना, खालीं येतां येईना. चेहरा झांकावा तर झुला सुटतो, झुला धरावा तर डोळे उघडे पडतात, अशी त्याची स्थिति झाली. गच्चीवर त्याचा एक सोबती होता. त्यानें स्वतः डंख सोशीत, पण घाई न करतां, दोर थोडा थोडा करून खालीं सोडला. म्हणून तो माणूस जिवंत जमिनीला लागला. चार दिवस रुग्णालयांत काढून तो आपल्या गांवीं परत गेला. मागाहून कोणीं तरी मुकादमाला दोष दिला, तेव्हां तो म्हणाला, "नशीब त्याचें. माशीवर कोणाची सत्ता चालते?"

हें वाक्य ऐकून गप्प बसणें सोपें आहे, कारण तें खरें वाटतें. परंतु इतिहासाची साक्ष काढली तर त्याचा खरेपणा टिकत नाहीं. मुकादमानें विचारलेला प्रश्न मनुष्यानें हजारों वर्षांपूर्वीं स्वतःला विचारला होता, आणि त्याचें बऱ्यापैकीं उत्तरहि त्यानें मिळविलें होतें. मात्र तें उत्तर ज्यांना मध हवा होता त्यांच्यापाशींच राहिलें. ज्यांना मधाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें, जे दुसऱ्याच कामासाठीं मोहोळाखालीं जाऊन उभे राहिले, त्यांच्यापर्यंत तें पोंचलें नाहीं. मोहोळाकडे जाणूनबुजून जाणारा एक, आणि नकळत जाणारा दुसरा, अशा ह्या दोन माणसांची कथा वाचकांपुढें मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिल्या माणसाचें एक फार जुनें चित्र स्पेन देशांत आहे. व्हॅलेन्सिया प्रांतांत बिकोर्प गांवाजवळ 'कोळ्याची गुहा' ह्या नांवानें ओळखलें जाणारें स्थळ असून तेथील खडकावर एक मनुष्याकृति रंगविलेली आहे. ती दोरांना धरून कड्यावर चढली आहे. तिचा एक हात मोहोळाच्या बिळापाशीं आहे, दुसऱ्या हातांत मध ठेवण्याची टोपली आहे, आणि भोंवतीं उडणाऱ्या माश्या माणसाच्या मानानें कितीतरी मोठ्या काढलेल्या आहेत. हें चित्र सुमारें ८,००० वर्षांपूर्वींचें मानतात. आपल्याकडे पचमढीच्या डोंगरांतील खडकांवरहि मध काढणाऱ्या माणसांचीं चित्रें आहेत. चित्रकारानें माश्या इतक्या मोठ्या काढल्या ह्यांत त्याच्या हाताची चूक नसून अंगावर घेतलेला अनुभव आहे, असें मला वाटतें.

ह्या माणसानें पहिलें साधन शोधून काढलें तें धुराचें. ईजिप्तमध्यें थीब्ज येथें रेखमिरे नांवाच्या प्रधानाची कबर आहे. तिचा काळ ख्रिस्तपूर्व पंधरावें शतक. तिच्या भिंतीवरील एका चित्रांत मातीच्या नळकांड्यांसारखीं पोळ्यांचीं घरें एकावर एक रचलेलीं असून त्यांच्यासमोर एका माणसानें धूर निघणारें भांडें धरलें आहे, आणि दुसरा माणूस पोळीं बाहेर काढीत आहे. आजचा मधपाळ पेटी उघडतांना हेंच करतो. फक्त भांड्याच्या जागीं भाता लावलेलें धुराडें आलें आहे, आणि तें अमेरिकेंत १८७० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलें. म्हणजे साडेतीन हजार वर्षें ही युक्ति अखंड चालत आली. धुरानें माशी शांत कां होते, हें मात्र ती वापरणारांपैकीं कोणालाहि नीट सांगतां आलें नसतें.

तें कारण आतां कळलें आहे. मधमाशी डंख मारते तेव्हां तिच्या नांगीपाशीं असलेल्या ग्रंथींतून एक वास सुटतो. आपल्याला तो फारसा जाणवत नाहीं. इतर माश्यांना मात्र 'शत्रु येथें आहे, येथेंच मारा' असा तो हुकूम असतो. १९६२ सालीं कॅनडांतील शास्त्रज्ञांनीं ह्या वासांतील मुख्य द्रव्य ओळखलें. पिकलेल्या केळ्याला जो वास येतो त्यांतहि तेंच द्रव्य असतें. धूर हा वास झांकून टाकतो आणि माशीच्या मिशांची वास घेण्याची शक्ति कांहीं वेळ मंद करतो. शिवाय धूर म्हणजे वणवा अशी माशीची समजूत असल्यामुळें घर सोडावें लागेल ह्या तयारीनें ती पोटभर मध पिऊन घेते, आणि भरल्या पोटानें ती सहसा भांडत नाहीं. माशी चिरडली तरीहि हा हुकूमाचा वास बाहेर पडतो. म्हणून अंगावर बसलेल्या एका माशीला चापट मारणें म्हणजे आणखी दहांना आमंत्रण देणें होय. जुन्या मधवेचक्यांना रसायन ठाऊक नव्हतें. पण हात झाडूं नयेत, हें ते आपल्या पोरांना पहिल्या दिवशीं शिकवीत.

दुसरें साधन म्हणजे वेळेची निवड. आपल्या महाराष्ट्रांत मधमाश्यांच्या मुख्य जाती सर्वांच्या परिचयाच्या आहेत : झुडपांत लहानसें पोळें करणारी फुलोरी, झाडाच्या किंवा भिंतीच्या पोकळींत राहणारी सातेरी, आणि कड्यावर, वडाच्या फांदीवर, पाण्याच्या टाकीखालीं उघड्यावर मोहोळ लावणारी आग्या. सातेरी पेटींत नांदते. महाबळेश्वरच्या परिसरांत पेटींतील मधपाळीचा जो उद्योग वाढला तो तिच्या जोरावर. १९३४ सालीं वर्ध्यास ग्रामोद्योगसंघ स्थापन झाला, तेव्हां मधपाळीला खेड्यांतील उद्योगांत मानाचें स्थान मिळालें तेंहि पेटीमुळेंच. आग्या मात्र पेटींत कधीं राहिली नाहीं. तिचें मोहोळ झाडणारे लोक बहुतेक ठिकाणीं रात्रीचे जातात, आणि रात्रहि अंधारी निवडतात; कारण ही माशी चांदण्यांत उडूं शकते. ओल्या-सुक्या पाल्याची चूड पेटवून धुरी द्यावयाची आणि मग मोहोळाला हात घालावयाचा, हा त्यांचा क्रम.

तिसरें साधन सर्वांत मोलाचें, आणि तें कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. दक्षिणेकडील डोंगरांत कड्यावरून वेलीच्या शिड्यांनीं उतरून मध काढणाऱ्या कांहीं जमातींत असा नियम आहे कीं, वर शिडीपाशीं राखण करावयाची ती उतरणाराच्या मेहुण्यानें. सख्खा भाऊ नको, त्याचा वांटणींत स्वार्थ असूं शकतो. मेहुणा मात्र आपल्या बहिणीचें कुंकू पुसलें जाईल असें कधीं करणार नाहीं. ह्या नियमांत विनोद दिसेल, पण त्याच्या मुळाशीं फार मोठें शहाणपण आहे. धोक्याच्या जागीं एक माणूस लोंबत असतां त्याचा जीव स्वतःच्या हातांत नसतो, दोर धरणाराच्या हातांत असतो. आणि म्हणून दोर कोणाच्या हातांत द्यावयाचा हें आधीं ठरविलें पाहिजे. सुंदरबनांतील मध काढणारे मौलेहि एकेकटे जात नाहींत; टोळीनें जातात, तोंडाला गमछा गुंडाळतात, आणि प्रत्येकाचें काम निघण्यापूर्वीं ठरलेलें असतें. अलीकडे विदर्भांत अंगभर पोशाख व जाळी घालून मोहोळांतील केवळ मधाचा भाग कापून घेण्याची रीत कांहीं ठिकाणीं शिकविली जाते. तिनें माश्याहि वांचतात आणि माणूसहि.

धूर, वेळ आणि भरवशाचा सोबती : मध हवा असणाराची ही पुंजी. आतां दुसऱ्या माणसाकडे वळूं.

नर्मदेच्या कांठीं जबलपूरजवळ भेडाघाट येथें संगमरवराचे उंच कडे आहेत. नावेंतून ते पाहून आलेले वाचक पुष्कळ असतील. ह्या कड्यांना आग्या माश्यांचीं मोहोळें लोंबतात. एकोणिसाव्या शतकांत रेल्वेच्या कामासाठीं नदीची पाहणी करीत असलेल्या दोन इंग्रज इंजिनियरांवर ह्या माश्या उठल्या. त्यांतील बॉडिंग्टन नांवाच्या इंजिनियरानें पाण्याचा आश्रय केला आणि तो नर्मदेंत बुडून मेला. हा मनुष्य अडाणी नव्हता. कोणत्या खडकावर किती भार टाकावा हें त्याला अचूक सांगतां आलें असतें. त्याच खडकाला काय लोंबत आहे, हें पाहणें त्याच्या विद्येंत बसत नव्हतें. पाण्यांत उडी टाकावी ही कल्पना तर आजहि कित्येकांच्या मनांत घर करून आहे. माश्या पाण्यावर घिरट्या घालीत राहतात, आणि माणसाला श्वासासाठीं डोकें वर काढावेंच लागतें, हें त्यांच्या लक्षांत येत नाहीं. किप्लिंगच्या १८९५ सालच्या दुसऱ्या 'जंगल बुकां'त मोगली वैनगंगेच्या घळईवरून उडी टाकतो व माश्या त्याच्या शत्रूंवर तुटून पडतात. कथा सुरस आहे. परंतु मोगलीला पाण्यांत सांभाळावयास अजगर होता, बॉडिंग्टनला कोणी नव्हतें.

दुसरें उदाहरण सैनिकांचें. माश्या शत्रूवर उठाव्यात ही मनुष्याची जुनी इच्छा आहे. जेजुरीवर चालून आलेल्या औरंगजेबाच्या फौजेवर भुंगे उठले आणि बादशहाला खंडोबापुढें सव्वा लाखाचें दान ठेवावें लागलें, ही आख्यायिका आपल्याकडे कोणीं ऐकली नाहीं? पण इतिहासांत नोंदलेली गोष्ट निराळी आहे. १६ ऑक्टोबर १९१४ रोजीं मुंबई बंदरांतून हिंदी सैन्याची एक तुकडी जर्मनांच्या ताब्यांतील पूर्व आफ्रिकेकडे निघाली. टांगा बंदराजवळच्या मळ्यांत व झाडींत ४ नोव्हेंबरला लढाई जुंपली. तेथील झाडांवर माश्यांचीं पोळीं होतीं. मशीनगनचा मारा सुरू होतांच त्या उठल्या आणि दोन्ही पक्षांच्या माणसांवर तुटून पडल्या. इंग्रजांचा त्या लढाईंत मोठा पराभव झाला. त्याचीं खरीं कारणें सेनापतींच्या गाफिलपणांत होतीं, तरी लोकांत ती 'माश्यांची लढाई' म्हणूनच ओळखली गेली. जर्मनांनीं दोऱ्या बांधून पोळ्यांचे सापळे रचले होते, अशी अफवाहि उठली. ती खोटी होती. परंतु ह्या अफवेंत मनुष्यस्वभाव दिसतो. माश्या शत्रूवर उठल्या तर देवाचा कौल. आपल्यावर उठल्या तर शत्रूचें कपट. आणि मजुरावर उठल्या तर त्याचें नशीब. जेथें पाऊल टाकावयाचें तेथें आधीं वर पाहावयास हवें होतें, हें कबूल करण्यापेक्षां ह्या तिहींपैकीं कांहींहि सोपें असतें.

मधमाशीची ही कथा. गांधीलमाशीची तर ह्याहून वाईट. तिच्यापाशीं मध नाहीं, म्हणून तिच्याकडे जाणूनबुजून जाणारा माणूस विरळा, आणि म्हणूनच तिच्या संवयींचें परंपरागत ज्ञानहि थोडें. लांकडाचा भुगा चावून केलेलें तिचें कागदासारखें पोळें वाशाखालीं, दाराच्या चौकटीमागें, विहिरीवरच्या पंपाच्या खोलींत, विजेच्या मीटरच्या पेटींत असतें. म्हणजे नेमकें जेथें एखाद्या कामगारानें महिन्यांतून एकदां हात घालावयाचा असतो तेथें. मधमाशीच्या नांगीला उलटे कांटे असल्यामुळें ती आपल्या कातडींत अडकून राहते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी अडकत नाहीं. ती पुन्हां पुन्हां डंख करूं शकते.

किती डंखांनीं माणूस मरतो, हा प्रश्न फार जुना आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी ह्यानें मोठ्या गांधीलमाश्यांचे २७ डंख माणसाला पुरे होतात, असें लिहून ठेवलें आहे. आजचे वैद्य सांगतात कीं, निरोगी प्रौढ माणसाचा प्राण केवळ विषानें जावयास मधमाश्यांचे शेंकडों डंख लागतात. पण दोन्ही हिशेब एका ठिकाणीं चुकतात. कांहीं माणसांना एकच डंख पुरतो. ईजिप्तचा पहिला राजा मेनेस गांधीलमाशीच्या डंखानें मेला, अशी गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षें छापली जात होती. ती एका लेखाच्या चुकीच्या वाचनांतून निघाली होती, हें आतां सिद्ध झालें आहे. राजाची गोष्ट खोटी ठरली, तरी अशीं माणसें सर्व काळीं होतीं आणि आहेत. आणि तीं बहुधा राजवाड्यांत नसून शेतांत व बांधकामावर असतात.

एका डंखानें मरण कां यावें, ह्याचें उत्तर मिळालें तें माश्यांपासून दूर, समुद्रावर. १९०१ सालीं मोनॅकोचा राजा आल्बर्ट ह्याच्या जहाजावरून शार्ल रिशे व पोल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रांतील विषारी जीवांचा अभ्यास करीत होते. परत आल्यावर त्यांनीं समुद्रफुलांचें विष कुत्र्यांना टोंचून पाहिलें. पहिल्या मात्रेंतून जे कुत्रे वांचले त्यांना दुसऱ्या वेळीं विष सहन व्हावें, अशी त्यांची अपेक्षा होती. झालें उलट. सुमारें तीन आठवड्यांनीं दिलेल्या फार थोड्या मात्रेनें कुत्रा अर्ध्या तासाच्या आंत मेला. पहिल्या विषानें शरीर बळकट न होतां उलट भलतेंच हळवें झालें होतें. १९०२ सालीं रिशेनें ह्या अवस्थेला 'ॲनाफिलॅक्सिस' हें नांव दिलें. त्यांत 'संरक्षणाच्या उलट' असा भाव आहे. १९१३ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. पूर्वीं डंख सोसलेल्या माणसाला 'तुला संवय आहे' म्हणून पुन्हां त्याच कामावर धाडणें किती घातक ठरूं शकतें, हें ह्या शोधानें स्पष्ट केलें.

उपायाचा इतिहास मात्र इतका सरळ नाहीं. १९३० पासून अमेरिकेंत अशा हळव्या माणसांना माश्यांच्या सबंध शरीराचा अर्क टोंचण्याची पद्धति पडली, आणि ती जवळजवळ अर्धें शतक चालली. मेरी लव्हलेस ह्या बाईंनीं १९५० नंतर आग्रहानें सांगितलें कीं, उपयोग व्हावयाचा तर अर्काचा नव्हे, शुद्ध विषाचाच होईल. फार थोड्यांनीं ऐकलें. शेवटीं १९७८ सालीं बाल्टिमोर येथील वैद्यांनीं रुग्णांचे तीन गट करून परीक्षा केली आणि नंतर त्यांना मुद्दाम डंख करविला. शुद्ध विषाच्या गटांत १८ पैकीं एकालाच त्रास झाला. अर्काच्या गटांत ११ पैकीं ७ जणांना. आणि औषध म्हणून नुसतें निरुपद्रवी द्रव्य घेतलेल्या गटांत १२ पैकीं ७ जणांना. पन्नास वर्षें ज्या अर्कावर लोक विसंबले, तो घेतला काय आणि न घेतला काय, सारखेंच होतें! प्रत्यक्ष संकटाच्या वेळीं मात्र ॲड्रेनॅलिन हेंच औषध. तें १९०१ च्या सुमारास जोकिची ताकामिने ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञानें शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. ह्याची कुपी महाग नाहीं. ती वेळेवर जवळ असणें महाग पडतें.

येथवर वैद्यकाची गोष्ट झाली. मुकादमाच्या वाक्याला सर्वांत भारदस्त पाठिंबा मिळाला तो न्यायालयांत. इंग्लंडांत १९०६ सालच्या कायद्यानें मजुराला नुकसानभरपाईचा हक्क होता; अट अशी कीं, अपघात कामाच्या ओघांत आणि कामामुळें झालेला असावा. १९१२ सालच्या निवाड्यांच्या संग्रहांत एमिस विरुद्ध बार्टन ह्या नांवाचा एक खटला नमूद आहे. शेतीच्या कामावर असलेल्या एका मजुराला गांधीलमाशी चावली आणि त्यांतून तो दगावला. वरिष्ठ न्यायालयानें भरपाई नाकारली. कारण काय, तर गांधीलमाशी कोणालाहि, कोठेंहि चावूं शकते. ह्या कामामुळें त्या मजुराला इतरांहून अधिक धोका होता असें दिसत नाहीं. म्हणजे कामाच्या ओघांत मेला हें खरें, पण कामामुळें मेला नाहीं! तर्क निर्दोष आहे. परंतु त्या वेळीं त्या जागीं तो मजूर उभा होता तो कोणाच्या सांगण्यावरून, हा प्रश्न त्या तर्काला शिवत नाहीं. हिंदुस्थानांत १९२३ सालीं मजुरांच्या भरपाईचा कायदा झाला, तेव्हां त्यांतहि 'कामाच्या ओघांत आणि कामामुळें' ही शब्दांची जोडी तशीच आली.

इंग्लंडांत ही चूक दुरुस्त व्हावयास सुमारें पन्नास वर्षें लागलीं. १९६१ सालच्या विमाविषयक कायद्यांत एक कलम घालण्यांत आलें कीं, कामाच्या ओघांत एखाद्या प्राण्यामुळें अपघात झाला, तर तो कामामुळेंच झाला असें मानावें. आणि प्राणी ह्या शब्दांत पक्षी, मासा व कीटक ह्यांचाहि समावेश समजावा. कायद्याच्या रुक्ष भाषेंत 'कीटक' हा एवढासा शब्द आला. त्याच्या मागें त्या विसरल्या गेलेल्या मजुराचें मरण उभें आहे, हें तो वाचणाऱ्या किती जणांच्या ध्यानांत येत असेल?

ह्याहून पुढचें पाऊल जपाननें टाकलें. तेथें मोठ्या गांधीलमाश्यांच्या डंखानें कित्येक वर्षीं वीसच्या आसपास माणसें मरण पावलीं आहेत, आणि जंगलांत काम करणाऱ्यांना हा धोका नेहमींचा. १९९५ सालीं जपानच्या वनखात्यानें सरकारी जंगलांतील कामगारांसाठीं स्वतःच्या मांडींत टोंचून घेतां येण्याजोगी ॲड्रेनॅलिनची तयार पिचकारी आणविली. सर्वसाधारण रुग्णांसाठीं त्या औषधाला तेथें परवानगी मिळाली ती २००३ सालीं. एरव्हीं नवें औषध प्रथम शहरांतल्या सुखवस्तूला मिळतें आणि मग झिरपत झिरपत मजुरापर्यंत जातें. येथें क्रम उलटा झाला. धोका ज्याच्या वांट्याला अधिक, औषध त्याच्या हातांत आधीं, हा न्याय एका खात्यानें तरी पाळला.

आतां आपल्या समोरच्या इमारतीकडे परत येऊं. त्या दिवशीं मुकादमानें काय करावयास हवें होतें? त्याला धूर देण्याची कला यावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती. काम लावण्यापूर्वीं एकदां इमारतीभोंवतीं फिरून सज्जे, टाक्या, झाडें व भिंतींचीं भोंकें पाहावयाचीं, माश्यांची ये-जा कोठें आहे हें हेरावयाचें, आणि मोहोळ दिसलें तर ती बाजू सोडून काम चालू करावयाचें, एवढें पुरे होतें. आग्या माश्या हंगाम सरला कीं बहुधा आपण होऊन निघून जातात. थांबणें शक्यच नसेल तर जाणत्या माणसाकडून तें रात्रीं काढवितां आलें असतें. मशाल लावून किंवा पाण्याचा फवारा मारून तें भर दिवसा हाकलण्याचा उद्योग मात्र करूं नये. त्यानें रस्त्यावरच्या निरपराध माणसांवर प्रसंग ओढवतो. आणि सर्वांत आधीं, नव्या माणसाला बोट दाखवून सांगावयास हवें होतें, "तें पाहा, तेथें मोहोळ आहे."

आपण सर्व घरें चालविणारीं माणसें आहोंत. आपल्या अंगणांतलें झाड छाटावयास, पाण्याची टाकी धुवावयास, मीटर तपासावयास कोणी ना कोणी येतच असतो, आणि त्या वेळीं मुकादम आपणच असतों. तेव्हां थोडें लक्षांत ठेवणें आपल्यालाहि शोभेल. माश्या उठल्या तर हात झाडूं नयेत. डोक्यावर कपडा घेऊन सरळ पळावें आणि बंद खोली गांठावी, पाणी गांठूं नये. मधमाशीची नांगी कातडींत राहिली असेल तर ती तत्काळ काढावी. चिमटीनें कीं नखानें ह्याचा वाद घालीत बसूं नये, कारण तेवढ्या वेळांत विष आंत जातच असतें. डंख झालेल्या माणसाला दम लागला, ओंठ किंवा जीभ सुजली, सर्वांगावर गांधी उठल्या, घेरी आली, तर ती गोष्ट डंखाची राहिली नाहीं असें समजावें. श्वास सुखानें घेतां येत असेल तर त्याला आडवें निजवावें, उठवून चालवूं नये, आणि क्षणाचाहि विलंब न करतां जेथें ॲड्रेनॅलिन मिळेल तेथें न्यावें. अशा प्रसंगांतून जो एकदां वांचला त्याला वैद्याची परीक्षा झाल्यावांचून पुन्हां मोहोळाच्या वाऱ्यालाहि उभें करूं नये.

पावसाळा संपला, आणि कार्तिकांत आग्या माश्या पुन्हां त्याच सज्जाखालीं आल्या. ही त्यांची रीतच आहे. जागा पसंत पडली कीं त्या वर्षानुवर्षें तेथें येतात. रंगाचें काम तोंवर संपलें होतें, मुकादम दुसरीकडे गेला होता, आणि झुल्यावरचा तो माणूस बहुधा दुसऱ्या कोठल्या तरी भिंतीवर लोंबत असेल. त्याचा तो सोबतीहि त्याच्याबरोबर असो. मुकादमाचा प्रश्न अजून माझ्या मनांत घोळतो. माशीवर कोणाची सत्ता नसेल. दोर कोठें सोडावयाचा ह्यावर मात्र त्याचीच सत्ता होती.